गुडघ्यातली फुली

मला कुणीही हात लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे चौदा महिने जो भेटला त्याने एकच विचारलं, "कुणी पाडलं?" कुणीच नाही. जिल्हा निवड चाचणीचा सामना होता, मातीचं मैदान, डिसेंबरातली संध्याकाळ. माझी चढाई चालू होती. निदान रेषा ओलांडून मी कोपऱ्याला हुलकावणी दिली, मध्यरक्षक पुढे सरकली तसा डावा पाय रोवला, मध्यरेषेकडे वळले आणि गुडघ्यातून आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा. असा आवाज फक्त ज्याचा गुडघा त्यालाच येतो असं म्हणतात. पण बाद होऊन बाहेर बसलेल्या आमच्या कॅप्टनलाही तो ऐकू आला होता. पडता पडता मी हात लांबवून मध्यरेषा गाठली, म्हणजे बाद झाले नाही. त्याचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. रात्री वडील मला शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्यांनी तेल चोळलं, पाय धरून एक हिसका दिला आणि म्हणाले, "शीर सरकलीया. पंधरा दिसांत पळाया लागंल पोरगी." तीन आठवड्यांत सूज गेली आणि मी खरंच पळायला लागले. सरळ रेषेत. वळले की गुडघा आतून निसटायचा, पायाखालची पायरी अचानक कुणी काढून घ्यावी तसा. आमचे सर म्हणाले, भीती आहे मनात, क्रेप बँडेज बांध. मी बांधलं. वर्षभर बांधलं. शेवटी एक दिवस गुडघा वाकलेलाच राहिला, सरळच होईना, तेव्हा मिरजेला एका अस्थितज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी मला टेबलावर झोपवलं. गुडघा थोडासाच वाकवला, एका हाताने मांडी पक्की धरली, दुसऱ्या हाताने पोटरीकडचं हाड पुढे ओढलं. ते पुढे आलं आणि येतच राहिलं. मग उजव्या पायावर तेच केलं. तिथे ते खट्‌कन अडलं. "एसीएल तुटलंय," ते म्हणाले, "वर्ष झालं असेल. आता गादी पण फाटलीय." या सगळ्याला अर्धा मिनिटही लागलं नसेल.

चौदा महिने आणि अर्धं मिनिट. हा हिशोब माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. पुढे बी.पी.एड. करताना शरीररचनेचं पुस्तक हातात आलं तेव्हा मी सगळ्यात आधी गुडघ्याचं पान उघडलं. तेव्हापासून सुटीत, बसमध्ये, रात्री मोबाइलवर मी एकाच गोष्टीचा माग काढत आलेय : माझ्या गुडघ्यात काय तुटलं हे माणसाला कधी कळलं, आणि कळलेलं माझ्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागला?

*

आधी आपल्या भाषेतला एक घोळ. मराठीत आपण 'स्नायू' म्हणतो ते मसलला. दंडाचे स्नायू, पोटाचे स्नायू. पण सुश्रुतसंहितेत मसलला 'पेशी' म्हटलंय आणि 'स्नायु' हा शब्द येतो तो हाडं बांधणाऱ्या दोरांसाठी, ज्यांना आज डॉक्टर लिगामेंट आणि टेंडन म्हणतात. म्हणजे शब्द तोच राहिला, पण एका अवयवावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला. पेशी हा शब्द तर आता थेट सेलला गेला. मधल्या मधे लिगामेंटला रोजच्या मराठीत नावच उरलं नाही. पाठ्यपुस्तकात 'अस्थिबंध' आहे, पण मैदानावर 'माझा अस्थिबंध दुखतोय' असं म्हणणारी मुलगी मला अजून भेटायची आहे. आपल्याकडे शीर असते, नस असते, लचक भरते, वाटी सरकते. ज्या गोष्टीला नावच नाही ती तुटली, हे हाडवैद्याने तरी कसं सांगायचं? त्यांच्यावरचा माझा राग हा विचार केल्यावर थोडा उतरला. पूर्ण नाही.

सुश्रुताच्या शारीरस्थानात या स्नायूंसाठी नावेची उपमा आहे. फळ्या दोरांनी नीट बांधलेली नाव जशी पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे शरीराचे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो. पुढे तो असंही म्हणतो की हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा माणसाला जास्त मारक ठरते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. सांध्यांचे त्याने आठ प्रकार केले आणि गुडघा 'कोर' या गटात टाकला, बोटं, मनगट, घोटा, कोपर यांच्यासोबत. जानु हे मर्मस्थान आहे आणि तिथे घाव बसला तर माणूस लंगडा होतो, असंही त्याने लिहून ठेवलं. हे नुसतं बसल्या जागी सुचलेलं नव्हतं. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचं आणि मग वाळ्याच्या वगैरे कुंच्याने थर घासून काढत एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा, अशी रीतच त्याने सांगितली आहे.

आता, इथे 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणून थांबायचा मोह होतो आणि व्हॉट्सअॅपवर ते रोज कुणीतरी करतं. पण गुडघ्याच्या आतली ती विशिष्ट फुली, ती नेमकं काय करते आणि तुटल्यावर काय होतं, हे तिथे नाही. नावेची उपमा बरोबर आहे. कुठला दोर कुठली फळी धरतो हे शोधायला पुढे फार शतकं लागली.

*

फुली म्हणजे काय ते सांगते. मांडीचं हाड वरून येतं, नडगीचं हाड खालून. गुडघ्याच्या ऐन मध्यात, दोन्ही हाडांच्या बेचक्यात, दोन जाड दोर एकमेकांना तिरपे छेदून जातात. लॅटिनमध्ये फुलीला क्रक्स म्हणतात, म्हणून यांना क्रूसिएट. पुढचा तो अँटीरियर क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल. लांबी साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. तरुण माणसातला हा दोर प्रयोगशाळेत ताणून तोडायला सुमारे २१६० न्यूटन जोर लागला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन त्याला टांगावं लागेल. त्याचं काम दोन प्रकारचं : नडगी पुढे घसरू द्यायची नाही, आणि वळताना ती जास्त फिरू द्यायची नाही.

रोमन काळात गेलन नावाचा वैद्य होता. इ. स. १५७ च्या सुमारास त्याला पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे जगातल्या पहिल्या स्पोर्ट्स डॉक्टरांपैकी एक, फक्त त्याचे खेळाडू एकमेकांना तलवारीने कापत. माणसाचं प्रेत कापायला परवानगी नव्हती, म्हणून तो माकडं आणि डुकरं कापून शिकला, आणि उरलेलं आखाड्यातल्या उघड्या जखमांतून. सांध्यातले बंध हाडांना जागेवर धरतात हे त्याने लिहिलं. युरोप त्यानंतर तेराशे वर्षं त्याचंच पुस्तक वाचत बसला. १५४३ मध्ये वेसालियसने स्वतः माणसाची प्रेतं कापून आपला मोठा ग्रंथ छापला आणि गेलनच्या शरीररचनेतल्या बऱ्याच गोष्टी माणसाच्या नसून जनावरांच्या आहेत हे दाखवून दिलं.

पण माझा आवडता माणूस त्यानंतरचा. जोव्हानी आल्फोन्सो बोरेली, जन्म १६०८, नेपल्सचा, पेशाने गणितज्ञ. शरीर म्हणजे तरफा आणि दोर, असं समजून तो हिशोब करत बसला. म्हातारपणी रोममध्ये पैशांची चणचण होती. सिंहासन सोडून आलेल्या स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाचा त्याला आधार होता. 'प्राण्यांच्या हालचालींविषयी' हे त्याचं पुस्तक १६८०-८१ मध्ये आलं, तोवर तो वारला होता.

बोरेलीने काय दाखवलं ते स्वतःच्या हातावर करून बघा. कोपर काटकोनात वाकवून हातात पाच किलोची बादली धरा. बादली कोपरापासून साधारण ३५ सेंटीमीटरवर आहे. पण दंडाचा स्नायू हाताला जिथे जोडलेला आहे ती जागा कोपरापासून जेमतेम साडेचार सेंटीमीटरवर. त्यामुळे पाच किलोसाठी त्या स्नायूला जवळजवळ ३९ किलोचा जोर लावावा लागतो. बोरेलीच्या आधी लोकांना वाटायचं की शरीर हुशार आहे, ते थोड्या जोरात मोठं वजन उचलतं. बोरेली म्हणाला, उलट आहे. शरीर फार मोठा जोर लावून थोडं वजन उचलतं, आणि त्या बदल्यात त्याला वेग मिळतो. (स्नायू फुगतो कशामुळे याबद्दलचा त्याचा तर्क मात्र साफ चुकला. नसांतून रस येतो, तो रक्तात मिसळून उकळतो आणि स्नायू फुगतो, असं त्याला वाटायचं.)

हे कळल्यावर मला माझी चढाई कळली. मला कुणी हात लावला नव्हता, मग सव्वादोनशे किलोचा जोर आला कुठून? माझ्याच मांडीतून. धावता धावता पाय रोवून थांबायचं म्हटलं की मांडीचा पुढचा स्नायू जिवाच्या आकांताने आवळतो. गुडघा जवळजवळ सरळ असेल तर तो स्नायू नडगीला वर ओढता ओढता पुढेही ओढतो. त्याच वेळी अंगाचं वजन वळतंय, गुडघा आत झुकतोय. नडगीला मागे धरणारा मांडीचा मागचा स्नायू पाय सरळ असताना तितका कामाला येत नाही. मग सगळा भार त्या करंगळीएवढ्या दोरावर. मला मीच पाडलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

*

फुलीतल्या पुढच्या दोराचं काम पहिल्यांदा नीट तपासलं ते दोन भावांनी. विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर. विल्हेल्म ग्योटिंगेनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक; चुंबकीय प्रवाहाच्या एककाला 'वेबर' म्हणतात तो हाच. एडुआर्ड शरीररचनेचा माणूस. १८३६ मध्ये दोघांनी मिळून माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर पुस्तक काढलं. त्यांनी प्रेताच्या गुडघ्यातला पुढचा क्रूसिएट कापला आणि नडगी पुढे घसरते हे पाहून नोंदवलं. त्या दोराचे दोन पदर आहेत आणि गुडघा वाकेल तसा कधी एक ताठतो कधी दुसरा, हेही. पुढच्याच वर्षी हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून सात प्राध्यापकांनी जाहीर निषेध केला, त्यात विल्हेल्म होता, नोकरी गेली.

वेबर बंधूंचं एक म्हणणं नंतर खोटं ठरलं. चालताना पुढे येणारा पाय घड्याळाच्या लंबकासारखा नुसता झुलतो, स्नायू फारसं काही करत नाहीत, असं ते म्हणत. लाइपझिगला ब्राउनं आणि फिशर या जोडीने १८९० च्या दशकात एका माणसाच्या अंगाला प्रकाशणाऱ्या नळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालवलं, अनेक बाजूंनी कॅमेरे लावून फोटो काढले आणि हाताने गणितं करत बसले. ब्राउनं १८९२ मध्येच गेला. फिशरचं प्रकाशन १९०४ पर्यंत चाललं. लंबक नव्हता. पाय झुलतानाही स्नायू काम करतात. आज चित्रपटात ॲनिमेशनसाठी नटाच्या अंगावर ठिपके चिकटवतात ना, त्याचे हे पणजोबा.

थोडक्यात, १८३६ पासून पुस्तकात होतं : हा दोर तुटला की नडगी पुढे सरकते. मग १८५० मध्ये स्कॉटलंडमधल्या जेम्स स्टार्क या डॉक्टरने जिवंत रुग्णांतली दोन उदाहरणं छापली. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये नूलिस नावाच्या ग्रीक तरुणाने प्रबंध लिहिला आणि त्यात तपासणीची पद्धत दिली : गुडघा अगदी थोडा वाकवायचा, मांडी एका हाताने धरायची, नडगी दुसऱ्या हाताने पुढे-मागे करायची. ओळखीचं वाटतंय? मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्यावर केली ती हीच.

आणि ती हरवली. पुढची शंभर वर्षं बहुतेक डॉक्टर गुडघा काटकोनात वाकवून, रुग्णाच्या पावलावर बसून नडगी ओढून बघत राहिले. टेबलाचा ड्रॉवर ओढावा तशी, म्हणून तिला ड्रॉवर टेस्ट म्हणतात. काटकोनात गुडघ्याचे बाकीचे भाग आडवे येतात, दुखरा पाय आखडतो आणि दोर तुटलेला असूनही ड्रॉवर उघडत नाही. पुष्कळ खेळाडू 'काही नाही, मुरगळलंय' ऐकून घरी गेले असणार. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ टॉर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कमी वाकवून करायची पद्धत पुन्हा छापली आणि आपले गुरू जॉन लॅकमन यांचं नाव तिला दिलं. म्हणून जगभर तिला लॅकमन टेस्ट म्हणतात. नूलिसचं नाव इतिहासाचे शौकीन सोडले तर कुणाला माहीत नसतं. माझे चौदा महिने मला फार वाटायचे, पण या परीक्षेने स्वतःच शंभर वर्षं काढली होती.

*

दोर तुटला हे कळल्यावर शिवावा, असं कुणाला तरी वाटणारच. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉबसनकडे एक ४१ वर्षांचा कोळसा खाणकामगार आला. खाणीत अंगावर ढासळून इजा झालेली, तेव्हापासून पाय लटपटत होता. रॉबसनने गुडघा उघडला. दोन्ही क्रूसिएट वरून तुटलेले होते. त्याने ते कॅटगटने, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याने, शिवले. १९०३ मध्ये त्याने ते छापलं, तोवर तो माणूस पुन्हा कामाला लागलेला होता. रॉबसनने त्या माणसाचं नाव छापलेलं नाही. मला तो अनेकदा आठवतो. खाणीत परत उतरताना त्याला पहिल्या दिवशी गुडघ्याची आठवण आली असेल का?

पण नुसतं शिवणं बहुतेकांना टिकलं नाही. हा दोर सांध्यातल्या वंगणात बुडालेला असतो, तिथे रक्ताची गुठळी नीट धरत नाही, आणि गुठळी नाही तर जखमेचे दोन तुकडे जोडले जात नाहीत. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌जने दुसरी वाट धरली : शिवायचं नाही, नवा दोर ओवायचा. मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी त्याने हाडात भोक पाडून गुडघ्यातून नेली. पुढे १९६३ मध्ये केनेथ जोन्सने वाटीखालच्या कंडरेची पट्टी वापरली. माझ्या गुडघ्यात आता जे आहे ते माझ्याच मांडीच्या मागच्या कंडरांचं, दुमडून जाड केलेलं.

ऑपरेशन ठरलं तेव्हा आजीचा प्रश्न कबड्डीचा नव्हता. तिने विचारलं, "मांडी घालून बसंल का?" तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर वाचलं की गुडघ्यात दुर्बीण घालायची सुरुवातच जवळजवळ याच काळजीतून झाली. टोकियोच्या केंजी ताकागीने १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका प्रेताच्या गुडघ्यात घालून पाहिली. जपानमध्ये क्षयाने गुडघे कायमचे ताठ होत आणि जिथे सगळं आयुष्य जमिनीवर गुडघे दुमडून बसण्यात जातं तिथे ताठ गुडघा म्हणजे घरातच परका झाल्यासारखं. रोग लवकर दिसावा म्हणून त्याला आत डोकवायचं होतं. त्याचा शिष्य मासाकी वातानाबेने दुर्बीण इतकी सुधारली की १९६२ मध्ये तिच्यातून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. माझ्या गुडघ्यावर आज दोन बारीक ठिपके आणि एक बोटभर रेघ आहे. मी मांडी घालून बसते. डावी मांडी नेहमी वर.

*

आता जे सांगायचंय ते माझ्या दृष्टीने या सगळ्याचं सगळ्यात अवघड पान आहे. वरची यादी पुन्हा बघा. खाणकामगार, सैनिक, फुटबॉलपटू. १९५० मध्ये ओक्लाहोमाच्या डॉन ओडोनोह्यूने गुडघ्याच्या एकत्र होणाऱ्या तीन इजांवर गाजलेला लेख लिहिला, तोही पुरुष खेळाडूंवर. बाईचा गुडघा या इतिहासात येतच नाही. कारण बाई मैदानात नव्हती, म्हणजे येऊ दिली नव्हती.

अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुली-मुलांत भेद करता येणार नाही असा. कॉलेजांना मुलींच्या टीम काढाव्या लागल्या. वीस वर्षांत मुलींचे आकडे इतके झाले की तुलना करता आली. १९९५ मध्ये एलिझाबेथ आरेंट आणि रँडल डिक यांनी १९८९ ते १९९३ या काळातल्या कॉलेज खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. त्याच खेळात, त्याच नियमांनी, मुलींचा एसीएल फुटबॉलमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तुटत होता आणि बास्केटबॉलमध्ये चौपटीने. बहुतेकींना कुणी धक्का दिलेला नव्हता.

मग कारणं शोधणं सुरू झालं. कंबर रुंद, बेचकं अरुंद, हॉर्मोन. यातलं काही खरं असेलही, पण ते ऐकताना मला नेहमी आमच्या गावातला सूर ऐकू येतो : पोरींचं शरीरच खेळायला नाही. मला पटली ती दुसऱ्या बाजूने केलेली कामं. २००५ मध्ये सिनसिनाटीत टिमोथी ह्यूएट आणि सहकाऱ्यांनी २०५ मुलींना एका खोक्यावरून उडी मारायला लावून त्यांचे गुडघे मोजले होते आणि मग वाट पाहिली. पुढे नऊ जणींचा एसीएल तुटला. त्या नऊ जणी उडी उतरताना गुडघे जास्त आत पाडत होत्या. २०१० मध्ये हिदेयुकी कोगा आणि नॉर्वेतल्या गटाने हँडबॉल-बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या दहा खऱ्या इजांचे व्हिडिओ घेतले आणि चित्रावर सांगाडा बसवून मोजलं. पाऊल जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत दोर तुटला असावा, असं निघालं.

४० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. 'लक्ष दे', 'सांभाळून', 'भीती काढ', हे सगळं त्या वेळात मेंदूपर्यंत पोचतसुद्धा नाही. त्या क्षणी काहीच करता येत नाही. जे करायचं ते पाऊल टेकायच्या आधी, महिनोन्‌महिने आधी, अंगवळणी पाडावं लागतं. नॉर्वेत तेच करून पाहिलं. १५ ते १७ वयाचे १८३७ हँडबॉल खेळाडू, निम्म्या क्लबांना वॉर्मअपमध्ये उडी, वळणं, तोल यांचे व्यायाम दिले, निम्म्यांना नाही. २००५ मध्ये निकाल छापला : व्यायाम करणाऱ्यांत गुडघ्या-घोट्याच्या इजा जवळजवळ निम्म्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मशीन नको.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा हे छापून झालेलं होतं. आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला पाच फेऱ्या आणि शंभर बैठका. एशियाडमध्ये पुरुषांची कबड्डी १९९० ला आली, बायकांची २०१० ला. आमच्या गुडघ्यांपर्यंत माहिती त्याच गतीने आली.

*

आता मी तालुक्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. माझ्या मुली फेऱ्या मारत नाहीत. बाकावरून उडी मारतात, वाकलेल्या गुडघ्यांवर उतरतात, आणि उतरताना शेजारणीने गुडघे बघायचे, आत पडले की ओरडायचं. पालकांना हा खेळ वाटत नाही. एकाने मुख्याध्यापकांना विचारलंही, की मॅडम पोरींना बेडूकउड्या का शिकवतात.

हे करूनही गेल्या पावसाळ्यात एकीचा गेला. नववीतली, माझी सगळ्यात चपळ चढाईपटू. ओलं मैदान, पाय रोवला, वळली. निम्मं म्हणजे निम्मंच, शून्य नव्हे. मी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि तिच्या घरी गेले, तर ओट्यावर तेलाची वाटी तयार होती आणि वडील हाडवैद्याला फोन लावत होते. मी म्हणाले, "दादा, दोन तासांत एवढा सुजलाय म्हणजे आत रक्त साचलंय. चोळू नका. उद्या मिरजेला चला, मी येते." ते म्हणाले, शीर असंल, बसंल. मी म्हणाले, शीर नाही. मग काय, म्हणाले. मला नेमका शब्द सापडेना. अस्थिबंध म्हणाले असते तर त्यांनी मान डोलावून फोन लावलाच असता. शेवटी म्हणाले, "आत फुलीसारखे दोन दोर असतात, त्यातला पुढचा तुटलाय वाटतं." ते गप्प झाले. मग हळूच विचारलं, "कापाकापी करावी लागंल? डाग राहील. उद्या लग्नाला..." मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी तीच परीक्षा केली, थोडं वाकवून, मांडी धरून. मी भिंतीला टेकून बघत होते. नडगी पुढे आली, अडली नाही. एमआरआयचा कागद संध्याकाळी मिळाला. पुढचा क्रूसिएट पूर्ण तुटलेला. त्याच्या खालची ओळ मी तीनदा वाचली : दोन्ही गाद्या शाबूत.

बसस्टँडवर तिने विचारलं, परत कधी खेळता येईल. मी सांगितलं, ऑपरेशननंतर निदान नऊ महिने. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्याआधी मैदानात उतरलेल्यांना पुन्हा इजा होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं होतं, तेही सांगितलं. ती बोटांवर महिने मोजायला लागली. जिल्हा स्पर्धा बोटांच्या बाहेर गेली तेव्हा थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.